नऊ हजार फुटांवरचं विमान

आमच्या शेजारच्या आजींना मी सांगितलं, की त्यांच्या वडिलांच्या चुकीमुळे चार माणसं मेली. ते खरं नव्हतं. खरं नाही हे कळल्यावरही मी तीन महिने तोंड उघडलं नाही. पहिलीला निदान चूक म्हणता येईल. दुसरीला काय म्हणायचं ते माझं अजून ठरलेलं नाही.

आजी म्हणजे नात्यातल्या नव्हेत. इथे अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावात आम्ही घर घेतलं तेव्हापासून पलीकडच्या घरात राहणारी ही अमेरिकन बाई, वय आता ब्याऐंशी. माझी मुलगी लहानपणी शाळा सुटली की त्यांच्याकडेच असायची. तिने आजी म्हणायला सुरुवात केली, अर्थ कळल्यावर त्यांना ते आवडलं, आणि मग बायको आणि मीही तेच म्हणू लागलो. मला त्या ‘इंजिनिअर’ म्हणतात. घर तापवणारी फर्नेस गुरगुरायला लागली की फोन यायचा, “इंजिनिअर, ये रे जरा.” बोलणं सगळं इंग्रजीत, इथे मी ते मराठीत लिहितो आहे.

त्यांचे वडील महायुद्धात वैमानिक होते. हिवाळ्यातल्या एका दुपारी अलास्कात सामान घेऊन निघालेलं त्यांचं विमान पोहोचलंच नाही. आत पाचजण होते. आजी तेव्हा आठ महिन्यांच्या. आईकडून त्यांना वडिलांबद्दल जे मिळालं त्यातलं एक त्या नेहमी सांगायच्या: फार सावध माणूस, बाहेर पडताना दाराचं कुलूप तीनदा ओढून बघायचा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना लष्कराचं पत्र आलं. विमान एका डोंगराच्या वरच्या उतारावर आदळलं होतं. शोधपथकाला तेव्हाच वरून जागा दिसली होती, पण तिथे पोहोचता आलं नव्हतं. त्यावर बर्फ पडत गेला, त्याचा घट्ट थर झाला, आणि तो थर हिमनदीबरोबर दरवर्षी थोडा थोडा खाली सरकत राहिला. ऐंशी वर्षांनी, कित्येक मैल खाली, वितळणाऱ्या टोकाशी एक एक तुकडा वर येऊ लागला. पाचही जणांचे अवशेष सापडले होते. कुणाचं काय हे वेगळं करता येत नव्हतं, म्हणून मार्चमध्ये सगळ्यांना एकाच कबरीत पुरायचं ठरलं होतं. सोबत जुन्या अपघात-अहवालाची प्रत होती, काही फोटो होते आणि खोक्यात एक हातमोजा होता.

तो हातमोजा मी हातात घेतला. चामडं मऊ होतं. बोटं थोडी वाकलेली, काहीतरी धरलेलं असावं तशी. मी ती सरळ करायला गेलो, सोडल्यावर ती सावकाश पुन्हा वाकली.

“पंचवीस वर्षांचे होते,” आजी म्हणाल्या. “माझा नातू आता तेहतीसचा आहे.”

मग त्यांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. “वस्तू का मोडतात हे शोधायचाच तुला पगार मिळतो ना? हे वाच आणि मला साध्या भाषेत सांग.”

माझं काम तेच आहे. गाडीचा मोडलेला भाग परत येतो आणि आम्ही ‘का’ विचारत जातो. बोल्ट तुटला. का? सैल होता. का? कामगाराने नीट आवळला नाही. इथे थांबायचं नसतं. पुढे विचारलं की कळतं, हत्यारच चुकीचा आकडा दाखवत होतं. नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी सांगतो, की कारणाच्या रकान्यात माणूस आला तर समजा तुमचं काम अर्धं राहिलंय. वीस वर्षं सांगतोय.

त्या दिवशी सहाला महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाची तालीम होती आणि साडेपाच वाजून गेले होते. अहवाल तीन पानांचा. ठरलेली उंची नऊ हजार फूट. विमान आदळलं ती जागा सात हजार सातशेवर. शेवटच्या ओळीत कारण: वैमानिकाने ठरलेली उंची राखली नाही.

“ते हवे होते त्याच्या तेराशे फूट खाली होते,” मी म्हणालो. “वैमानिकाची चूक आहे, आजी.”

त्यांनी एक फोटो पुढे केला. उंची दाखवणाऱ्या यंत्राची तबकडी, काच गेलेली, काटा तुटलेला. पण धक्क्याच्या क्षणी काटा तबकडीवर आपटला होता आणि त्याची बारीक खूण उमटली होती. खूण नऊ हजारांवर होती.

“हे तर नऊ हजार दाखवतं.”

“आपटताना सरकला असेल काटा. मोडलेल्या यंत्रावर विश्वास ठेवायचा नसतो.”

हे मी उभं राहून, जॅकेटमध्ये हात घालता घालता बोललो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. उरलेल्या चौघांच्या घरच्यांना पत्र लिहायचं होतं. बोटं दुखतात म्हणून टाइप मी करायचं. त्या सांगत होत्या: माझ्या वडिलांच्या चुकीने तुमचा माणूस गेला. त्या कबरीशी तुमच्या शेजारी उभं राहायचा मला हक्क नाही, मी येणार नाही. मी म्हणालो, असं करू नका. त्या म्हणाल्या, तू टाइप कर. मी केलं. वर स्वतःहून एक वाक्य घातलं, तेराशे फुटांचं, म्हणजे मुद्दा स्पष्ट व्हावा. चार पाकिटं मीच पोस्टात टाकली. दोघांची प्रेमळ उत्तरं आली. दोन घरांकडून काहीच आलं नाही.

ख्रिसमसला मुलगी घरी आली. ती नॉर्थ कॅरोलायनात लोकांना विमान चालवायला शिकवते. जेवताना बायकोने विषय काढला, “तुझ्या बाबांनी आजींच्या वडिलांची केस सोडवली. टोस्टर बिघडला तरी ह्यांना दोषी लागतो.”

“अरे वा, मिस्टर रूट कॉज!” मुलगी हसली. “काय निघालं मग?”

मी सांगितलं. तबकडीचंही सांगितलं. ती जेवायची थांबली.

“बाबा, टेम्परेचर काय होतं त्या दिवशी?”

“अहवालात आहे. उणे पंचेचाळीस.”

“अँड यू डिडन्ट चेक?”

“काय चेक?”

तिने पापडाचा तुकडा खाली ठेवला आणि विद्यार्थ्याला सांगावं तसं मला सांगितलं. ते यंत्र उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं, आणि त्यावरून उंची सांगतं. इतक्या थंडीत हवा आकसते, जड होते, सगळे थर खाली दबतात. नऊ हजारांवरचा दाब मग खूपच खाली मिळतो. यंत्र चांगलं असतं, काटा बरोबर असतो, फक्त विमान तिथे नसतं.

“किती खाली?”

तिने फोनवर आकडेमोड केली आणि फोन माझ्याकडे वळवला. बाराशे ते चौदाशे फूट.

“म्हणजे ते...”

“ही वॉज डूइंग एव्हरीथिंग राइट, बाबा. ढगात होते, बाहेर काही दिसत नव्हतं. काटा नऊ हजारांवर धरून ठेवला होता त्यांनी. शेवटपर्यंत.” मग हळूच, “तुम्ही आजींना सांगितलं नाही ना काही?”

मी म्हणालो, बोलीन मी. बायको माझ्याकडे बघत होती. पत्रांचं तिला माहीत होतं.

वायूचा हा नियम मी अकरावीत शिकलोय. थंडीत मोटारीच्या टायरमधली हवा बसते, त्यावर माझ्याच टीमने दोन हिवाळे काम केलंय. मला माहीत नव्हतं असं काहीच त्यात नव्हतं.

सांगायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. एकदा बेल वाजवली आणि फर्नेसचा फिल्टर बदलून परत आलो. आजींना सांगणं म्हणजे त्या चार घरांना सांगणं, आणि ते तेराशे फुटांचं वाक्य माझं होतं. स्वतःला मी म्हणत होतो की आकडे पक्के करू, मग सांगू. ते त्या जेवणाच्या टेबलावरच पक्के झाले होते.

त्याच दिवसांत डोक्यात एक गोष्ट बसली. नऊ हजार फुटांवर एक दुसरं विमान होतं, असं मला वाटायला लागलं. वैमानिकाच्या मनातलं, काट्यावरचं. ते डोंगर ओलांडून सुखरूप पुढे गेलं. खालच्याला कळलं नाही, वरच्यालाही नाही. कामावर जाताना पांढऱ्या आभाळाखाली गाडी चालवताना मी नकळत वर बघायचो.

आमच्याकडे गाड्या तपासायला उणे चाळीसपर्यंत थंड होणारी खोली आहे. नियम असा, की एकजण आत आणि एकजण बाहेर काचेपाशी. बाहेरच्याने दर थोड्या वेळाने काचेवर टकटक करायची, आतल्याने अंगठा वर करायचा. फेब्रुवारीत मी आत दाराच्या रबराचं माप घेत होतो. तिथे आवाज मरतात, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. टकटक झाली. मी अंगठा वर केला. पुन्हा झाली, पुन्हा केला. मग मान वळवून बघितलं, तर बाहेरचा सहकारी काचेकडे पाठ करून कुणाशी तरी बोलत होता. टकटक वरून येत होती, छताकडून. थंडीत पत्रे आकसतात आणि वाजतात, हे मला ठाऊक आहे. तरी मी माप अर्धं टाकून बाहेर आलो आणि दुपारभर माझी बोटं सरळ होईनात.

मार्चमधला तो दिवस आला. चार घरची माणसं दुसऱ्या राज्यात कबरीपाशी जमली असणार त्या वेळी आजी इथे खिडकीजवळ बसल्या होत्या. मी त्यांना मुगाची खिचडी नेऊन दिली. त्यांनी माझा हात थोपटला. “तू चांगला माणूस आहेस, इंजिनिअर.”

दहा दिवसांनी, रविवारी सकाळी, मी गेलो. कामावरच्या अहवालासारखं एक पान तयार केलं होतं, आकडे, आकृती, सगळं. टेबलावर ठेवून समजवायला लागलो. दाब, थर, काट्याची खूण. त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी आकृतीवर हात ठेवला.

“म्हणजे त्यांनी उंची राखली होती?”

“हो. तंतोतंत.”

त्यांचे डोळे भरले. हात त्यांनी उचलला नाही. मग विचारलं, “तुला हे कधी कळलं?”

कालच, असं म्हणता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता.

“ख्रिसमसला.”

त्यांनी बोटांवर महिने मोजले. “खिचडी आणलीस तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सॉरी हा शब्द मी ऑफिसात दिवसातून दहा वेळा वापरतो; तो तोंडाशी आला आणि मी तो गिळला. कागद बाजूला केला. मग जे म्हणालो ते इथे तसंच लिहितो.

“आजी, तुमच्या वडिलांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. चुकीचं मी बोललो, घाईत, आणि तुमच्या पत्रातही लिहिलं. कळल्यावर लाजेपोटी गप्प बसलो. त्यांना निरोप द्यायचा दिवस तुमच्या हातून माझ्यामुळे गेला, आणि तो मला परत आणून देता येत नाही. त्या चार घरांना मी आज लिहितो, माझ्या नावाने. पण आधी तुमच्यासमोर सांगतो. मी अपराधी आहे तुमचा. मला माफ करा.”