जेठजींची भांग, माझी बाटली

माझ्या उजव्या गालावर साधी माशी बसली तरी कुणाचा तरी खून करावा असं मला वाटायचं. यात अतिशयोक्ती नाही. कानापासून हनुवटीपर्यंत जी नस जाते, ती माझी बिघडलेली आहे. तिला वारा लागला, पाण्याचा थेंब लागला, दात घासताना ब्रश लागला की गालाच्या आत वीज पडते. वीज लगेच जाते, पण तेवढ्या वेळात मी एकदा स्वयंपाकघराच्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं आणि एकदा हातातलं गरम दुधाचं पातेलं भिरकावलं होतं. घरात येणारं मांजर त्या दिवसापासून परत आलं नाही. शहाणं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण त्या मांजरालाही थोडं कळलं असावं.

आमचं घराणं राजस्थानातून जालन्याला आलं त्याला पिढ्या लोटल्या. घरात आम्ही मारवाडी बोलतो, भांडतो मात्र मराठीत, कारण बाजाराची भाषा भांडायला बरी पडते. बाकीच्या घरांनी जुने रिवाज केव्हाच सोडले, आमच्या घरानं सोडले नाहीत. जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, सुनेनं पदर तोंडावर ओढायचा आणि बोलायचं नाही. जेठानंही तिच्याकडे बघायचं नाही, सरळ बोलायचं नाही. जेठजींना चहा हवा असला आणि आसपास कुणी नसलं तर ते भिंतीला सांगत, "चहा झाला का म्हणावं." मी भिंतीसाठी चहा करत असे.

लग्नानंतरची कितीतरी वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही, उलट हसू यायचं. दुखणं सुरू झालं आणि हसू संपलं. पदर पुढे ओढला की त्याचा जरीचा काठ नेमका उजव्या गालावर घासायचा. जेठजी दुकानातून घरी आले की माझ्या गालात वीज पडायचीच. मी पदराआड टॉवेलचं टोक दातात धरून उभी राहायची आणि ते भिंतीशी बोलत राहायचे. हाताची घडी, तोंडावर बोट.

मेंदूच्या डॉक्टरांच्या गोळ्या चार वर्षं घेतल्या. गोळ्यांनी वीज कमी व्हायची, पण माझंही भान जायचं. चालताना तोल जायचा, मीठ दोनदा पडायचं, माणसांची नावं आठवायची नाहीत. पुढे त्या गोळ्या माझ्या लिव्हरला सोसेनात. ऑपरेशनचं नाव निघालं तेव्हा मी घाबरले, हे कबूल करते. त्याच सुमारास नवऱ्याच्या नात्यातली अमेरिकेतली एक मुलगी फोनवर म्हणाली की तिकडे अशा रोग्यांना गांजाचं औषध मिळतं आणि त्यासाठी सरकार कार्ड देतं. तिच्या शेजारणीचं कार्ड तिनं मला व्हिडिओवर दाखवलं. गाडीच्या लायसन्ससारखं होतं, वर फोटो. त्या अनोळखी बाईचा मला इतका हेवा वाटला की मी फोन ठेवून रडले.

माझा नवरा अबोल माणूस. तो चौकशा करत राहिला आणि एक दिवस मला छत्रपती संभाजीनगरला एका वैद्यबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी मेंदूचे फोटो पाहिले, जुन्या गोळ्या विचारल्या, आधार कार्ड मागितलं, आणि भांगेच्या पानांच्या अर्काचं तेल लिहून दिलं. इथं कार्ड वगैरे नसतं, ही चिठ्ठी हेच तुमचं कार्ड, ती जपा, असं त्या म्हणाल्या. दुखणं पूर्ण जाईल अशी आशा धरू नका, त्याची धार मात्र बोथट होईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. खोटं न बोलणारा डॉक्टर मला फार दिवसांनी भेटला होता.

जिभेखाली थेंब मोजून घ्यायचे. काही आठवडे काहीच झालं नाही. मग एका सकाळी मी उजव्या बाजूचे दात घासले आणि वीज पडली नाही. मी पुन्हा घासले. न्हाणीघरात उभी राहून, तोंडाला फेस, मी एकटीच हसत होते. त्या आठवड्यात मी भाकरी चावून खाल्ली. झटके येत होतेच, पण आता त्यांच्यामध्ये माणसासारखं जगायला जागा मिळत होती.

घात झाला तो पत्त्यानं. आमच्यात घराचा पत्ता कुणी देतच नाही. लग्नपत्रिका असो, साडी असो, सगळं मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, दुकानावर येतं आणि गादीवर बसलेला थोरला माणूस ते फोडतो. नवऱ्यानं सवयीनं तोच पत्ता दिला होता. पहिली बाटली आली तेव्हा नशिबानं गादीवर तोच होता. दुसरी आली तेव्हा तो माल बघायला बदनापूरला गेलेला. पार्सल जेठजींनी फोडलं, बाटलीवरचं नाव वाचलं, आणि रात्रभर कुणाला काही बोलले नाहीत.

दुसरा दिवस महाशिवरात्रीचा. त्या दिवशी आमच्याकडे ठंडाई होते. बदाम, बडीशेप, मिरे, मगजबी आणि भांग. भांग जेठजी स्वतः वाटतात, आंघोळ करून, ओल्या अंगानं, घराच्या चौकातल्या पाट्यावर. त्या दिवशी बायकांनी वरवंट्याला हात लावायचा नाही. ती भांग कुठून येते, तिला कुणाची चिठ्ठी असते, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

वाटण झालं, पितळी गंगाळात दूध ओतलं गेलं, आणि जेठजींनी नवऱ्याला चौकात बोलावलं. त्यांचे हात अजून हिरवे होते आणि हातात माझी बाटली होती. हे दुकानावर काय आल्तं, असं त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, हिची दवाई आहे, बराबर चिठ्ठी आहे. जेठजी म्हणाले, "घरात नशा करून राह्यली तुझी बायको, अन् तू आणून देऊन राह्यला." नवरा पुन्हा चिठ्ठीचं बोलला, तेव्हा त्याच्या तोंडावर पहिली थप्पड बसली.

बाटली त्यांनी ओट्याच्या कडेवर फोडली. तेल फरशीवर पसरलं. मग ते नवऱ्याला मारत सुटले. थपडांनी चष्मा उडाला, तो त्यांच्याच पायाखाली चुरला. त्यांनी त्याची मान धरून डोकं खांबावर आपटलं. ओठ फाटला आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्त सांडलं. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर दोन्ही हात धरून खाली बसला, पण थोरल्या भावावर त्यानं हात उगारला नाही. सासूबाई बस कर, बस कर म्हणत दारात उभ्या होत्या.

मी पदराआडून बघत होते आणि मला सगळं लख्ख कळत होतं. जेठाला भावजयीवर हात टाकता येत नाही, तिच्याकडे तर बघताही येत नाही. म्हणून माझ्या वाटणीचा मार माझा नवरा खात होता. चोर सोडून संन्याशाला फाशी. फरशीवरच्या तेलाचा वास येत होता, आणि ते तेल म्हणजे माझी भाकरी होती, माझे दात, माझी झोप. मला त्या क्षणी जेठजींचं डोकं फोडायचं होतं. हे मी लिहिण्याच्या भरात म्हणत नाही, खरोखर फोडायचं होतं.

मी वरवंटा उचलला. सासूबाई ओरडल्या की तो शिवाचा आहे, ठेव. मी दोन्ही हातांनी तो गंगाळावर घातला. गंगाळ चेपलं, कलंडलं आणि ठंडाई चौकभर वाहिली. जेठजी वळले. मी वरवंटा घेऊन त्यांच्या अंगावर गेले, तसे ते मागे सरकत खांबाला टेकले. मी पदर मागे फेकला.

"त्यांना मारू नका, जेठजी," मी म्हणाले. "मारायचं तर मला मारा. तोंड हे इथं आहे."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी मान वळवायला हवी होती. पण पदर फेकताना काठ गालावरून घासत गेला होता, आणि वीज पडली. आजवरची सगळ्यात मोठी. जबडा आवळला, डोळ्यांतून पाणी, लाळ गळायला लागली, गळ्यातून कसला तरी जनावरासारखा आवाज निघाला. वरवंटा हातातून सुटून त्यांच्या पायाशेजारी फरशीवर आदळला आणि मी गुडघ्यांवर आले. एक संपली की दुसरी पडत होती.

जेठजी बघत होते. मान न वळवता, उघड्या तोंडानं बघत होते. मग ज्याला आत्ता मारलं त्यालाच त्यांनी विचारलं, "हे काय होऊन राह्यलं तिला?"

नवऱ्यानं बाहीनं ओठ पुसला. "हेच," तो म्हणाला. "पाच वर्षांपासून पदराखाली हेच होऊन राह्यलं. तुम्ही कधी पाह्यलंच न्हाई."

त्या दिवशी ठंडाई कुणी प्यालं नाही. नवी बाटली येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझ्या फाटलेल्या उशीला विचारा. ती बाटली घराच्या पत्त्यावर आली, माझ्या नावानं. नवऱ्याच्या ओठावर व्रण राहिला आहे. तो दिसतो तोवर मी जेठजींना माफ करणार नाही, आणि तो रोज दिसतो.

पदर मी पुन्हा घेतला नाही. घे असं कुणी म्हणालंही नाही. जेठजी जेवताना आता खाली ताटाकडे बघतात. परवा मी वाढत असताना मला झटका आला आणि हातातला वाडगा पडला. जेठजी ताटावरून उठले, खरकट्या हातानं खिडकीपाशी गेले आणि खिडकी लावली. वारा माझ्या गालावर येत होता. मग परत येऊन ते जेवायला बसले. मी त्यांचे आभार मानले नाहीत, भाकरी मात्र गरम वाढली.