दादासोंनी रंगवलेली यंत्रमानव स्पर्धा

सांगलीत दादासोंना कॅमेऱ्यातलं कळतं असं म्हणणारे पुष्कळ होते. राजमतीला ते कधीच पटलं नाही. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा हा माणूस आधी लग्नांचं शूटिंग करू लागला, मग गच्चीवर छत्री लावून गल्लीला केबल देऊ लागला आणि अठ्ठ्याण्णव साली एका रिकाम्या चॅनेलवर स्वतःचे कार्यक्रम दाखवू लागला. बारसं असो की ग्रामसभा, त्यांच्या हाती पडलं की त्याचं लग्न व्हायचं.

त्या वर्षी राजमतीच्या लेकीच्या, भाग्यश्रीच्या, इंजिनिअरिंग कॉलेजातली यंत्रमानवांची स्पर्धा त्यांच्या हाती पडली.

भाग्यश्रीचं यंत्र पांढऱ्या रेघेवरून आपलं आपण चालायचं आणि टोकाला ठेवलेली हळदीची पुडी उचलून परत यायचं. चार मिनिटं लागायची. तिला पुढं शिकायला पुण्याला जायचं होतं आणि आजोबा, अण्णाप्पा, अडून बसले होते. "पोरगी काय करती ते डोळ्यानं बघीन, मग सांगीन." गुडघ्यांपायी त्यांना कॉलेजचे जिने चढवत नव्हते. सगळी भिस्त केबलवर.

राजमती मुद्दाम दादासोंकडे गेली. "तेवढी चार मिनिटं सलग दाखवा."

"वहिनी, चार मिनिटं डबडं सरकताना कोण बघणार? पब्लिकला कुस्ती पायजे. दोन यंत्रं समोरासमोर सोडू, हलगी लावू."

"ती झुंजायला केलेली नाहीत."

"तुमी बगा तर. लय रंगवतो."

रंगवलं खरं. रविवारी अण्णाप्पा पटका बांधून टीव्हीसमोर बसले. पहिला पाऊण तास शाली आणि नारळ. एका पाहुण्याचा सत्कार कॅमेऱ्यातून हुकला म्हणून पुन्हा केला होता, आणि पुन्हा करायला सांगणारे दादासोही त्यात दिसत होते. मग हलगी. दोन यंत्रांची टक्कर होऊन चाकं निखळली, ती तीनदा निखळताना दाखवली. भाग्यश्री दिसली ती बदामाच्या चौकटीत, पैठणी नेसून पाहुण्यांना ओवाळताना. तिचं यंत्र पुडीकडे निघालं, आणि पडद्यानं गिरकी घेतली ती थेट प्राचार्यांच्या भाषणावर.

"झकास दिसली पोरगी," अण्णाप्पा म्हणाले. "सोयऱ्यांना दावाया बरी हाय ही टेप. पुण्याचं काय काम?"

भाग्यश्री उठून आत गेली. दादासोंपेक्षा राजमतीला स्वतःचाच राग आला. घरातली गोष्ट घरातल्या माणसाला दाखवायला आपण गावभर फिरलो. तिनं टीव्ही बंद केला आणि सोप्यातल्या शहाबादी फरशीवर खडूनं जाड रेघ ओढून टोकाला हळदीची पुडी ठेवली.

"भाग्यश्री, यंत्र घेऊन ये. मामंजी, तुम्ही इथंच बसा."

यंत्र निघालं. मध्येच थबकलं, रेघ सोडून भलतीकडे वळलं. राजमती ते सरळ करायला पुढं झाली.

"हात लावू नगंस," अण्णाप्पा म्हणाले. "हुडकू दे त्याला."

त्यानं रेघ हुडकली. पुडी उचलून ते परत येईपर्यंत म्हातारा हलला नाही.

"ह्ये तू केलंस व्हय? मग त्या दादासोनं का दावलं न्हाई?"

"रटाळ आहे म्हणाले, आज्जा."

"लग्नं काढून डोळं गेलं वाटतं त्याचं." अण्णाप्पांनी पटका उतरवून मांडीवर ठेवला. "पुण्याला कवा जायचं म्हणत हुतीस?"