पांढरा कागद, पिवळा कागद

मी चौथी शिकलेला माणूस. माजलगावच्या मोंढ्यात सारी उमर मापाडी होतो, म्हणजे लोकांचं धान्य काट्यावर घालून वजन सांगायचं काम. पाहणीच्या कागदांबद्दल मी काही लिहावं हे कुणाला पटणार नाही. न पटो. ते कागद मी माझ्या हाताने लावलेत, ऐकीव बोलत नाही.

बायको मागच्या साली गेली. पोटात गाठ होती, डॉक्टरने पाहिली तोवर उशीर झालता. त्याआधी आरोग्य केंद्राची बाई दर महिन्याला दारात येऊन तिला विचारायची, "काही त्रास नाही ना?" ती म्हणायची, "कुठं काय." मीही जेवताना तेच विचारायचो आणि तेच ऐकून भाकरी खायचो.

मुलगी आमची बीडला कॉलेजात शिकवते. आईचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि त्याच दिवशी तिच्या डोक्यात बसलं की प्रश्नच चुकीचा होता. 'नाही ना' असं विचारलं की बाई नाहीच म्हणणार. ती केंद्राच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, नुसतं बोलू नका, दाखवा. फरक दिसला तर आमच्या बाया दारोदार विचारतात तो प्रश्न बदलते.

मग तिने चौसाळ्याच्या आसपासची पाच गावं धरली, गावाला एक अशा पाच मुली नेमल्या. पांढऱ्या कागदावर जुना प्रश्न, 'काही त्रास नाही ना?' पिवळ्यावर नवा, 'काय काय त्रास होतो?' बाकी कागद सारखाच. कोणत्या घरी कोणता कागद, ते चिठ्ठी टाकून ठरवलं. मी हसलो. ती म्हणाली, मुलींवर सोडलं तर बोलक्या बायांना पिवळा जाईल आणि मुक्यांना पांढरा. हे मात्र मला लगेच उमजलं. मोंढ्यात गोणीत पोकळ सळई खुपसून नमुना काढतात, तोही व्यापारी दाखवील त्याच गोणीतून काढला तर काय कामाचा?

कागद लावायचं काम मी मागून घेतलं. घरात दुसरं होतंच काय. प्रत्येक मुलीचे चार ढीग करायचे: पांढरा सांगितलं, पांढरा नाही सांगितलं, पिवळा सांगितलं, पिवळा नाही सांगितलं. चार गावांचे ढीग लावले आणि फरक डोळ्यानेच दिसला. पिवळ्यावर बाया बोलत होत्या. एका गावात तर इतका फरक की माझ्या मुलीने मला मिठी मारली. मग पाचव्या गावाचे लावले. तिथे पांढरा आणि पिवळा सारखाच. दोन्हीवर नाही, नाही, नाही.

मुलीचा चेहरा उतरला. मी म्हणालो, काटा बघावा लागंल.

त्या गावातली काही घरं अजून व्हायची होती. मी एसटीने गेलो आणि त्या मुलीच्या मागे मागे जाऊन ओट्यावर बसायचो, कुणी विचारलं तर पाणी मागायचो. तिसऱ्या घरी उलगडा झाला. हातात पिवळा कागद, आणि पोरगी विचारते, "तसा काही त्रास नाही ना, काकू?" काकू म्हणाल्या, नाही बाई.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, कागदावर वेगळं लिहिलंय की. ती गोंधळली. म्हणाली, "बाबा, चांगल्या घरच्या दारात जाऊन काय काय त्रास होतो असं कसं म्हणायचं? लोक म्हणतील आजार घेऊन आली." मी रागावलो नाही. मीही जन्मभर तसाच बोललो होतो.

घरी येऊन सांगितलं तर मुलगी एकदम खुलली. म्हणाली, मग तो गठ्ठा काढूनच टाकू, त्यात पिवळा प्रश्न विचारलाच गेला नाही. बाकी चार गावांत फरक चांगला आहे.

तिला हवं तेच मलाही हवं होतं. तरी मला ते रुचलं नाही.

"आन् त्या गठ्ठ्यात फरक निघाला असता, तर मला तिकडं धाडलं असतंस का?"

तिने त्या गठ्ठ्याला दोरी बांधायला घेतली.

"मोंढ्यात असले शेतकरी लई पाह्यले. माल कमी भरला की काटा तपास म्हणायचे. ज्यादा भरला की गाडी हाणायचे. काटे तपासायचे तर समदे तपासायचे, माय. न्हाईतर एकबी नको."

"बाबा, तुमी कुणाच्या बाजूनं हायत?" ती चिडून म्हणाली.

"तुझ्या आईच्या."

दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच पिशवी घेऊन निघाली, मीही गेलो. चारही गावांत थोडी थोडी घरं उरली होती, तिथे बसून ऐकलं. तीन पोरी चोख होत्या, शब्दाला शब्द. चौथी होती सगळ्यात जास्त फरकवाली, जिच्या ढिगावर मिठी मिळालती. ती पिवळा प्रश्न बरोबर वाचायची, पण बाई जरा थांबली की हिचं सुरू: कंबर दुखते का, चक्कर येते का, डोकं जड होतं का? बाया कुठेतरी हो म्हणायच्याच. पांढऱ्या कागदाला असलं काही नाही. पोरगी मनाने चांगली, कागद रिकामा जाऊ नये एवढंच तिला वाटायचं.

आता गोड गठ्ठाही गेला आणि कडूही. मुलीने घरी येऊन ते दोन्ही गठ्ठे बाजूला काढले. मग म्हणाली, दोन्ही गावं पुन्हा करायची, न विचारलेल्या घरांत, नव्या चिठ्ठ्या टाकून, आणि दोघींना आधी शिकवून. तशी केली. मी पुन्हा ढीग लावले. तिने कॉम्प्युटरवर घातले. पाचही गावं मिळून फरक होता, पण आधीच्या चार गावांच्या आकड्यापेक्षा बराच लहान. नुसत्या नशिबाने पडलेला नाही इतका मात्र पक्का, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मला ढिगावरून दिसतंयच.

मग ती हळूच म्हणाली, "म्हंजी आईला कुणी असं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं."

मी पिवळ्यातला 'नाही सांगितलं'चा ढीग उचलून तिच्या मांडीवर ठेवला. तोही काही कमी जाड नव्हता.

"ह्यांनाबी नीटच विचारलंतं," मी म्हणालो. "तरी न्हाई म्हणल्या. तुझी आई कोणच्या ढिगात असती ते तुला माहीत न्हाई आन् मलाबी न्हाई. पाच गावच्या बायांचं यातून कळतं. एकीचं कळत न्हाई."

ती रडली. मी रडू दिलं. चहा केला, साखर जास्त पडली, तिने तसाच प्याला.

अहवालात तिने दोन्ही आकडे घातले. लहान वर, मोठा खाली, आणि मोठा कशामुळे आलता तेही लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी वाचून विचारलं की मोठा खाली का ढकलला, तो तर तुमच्या बाजूचा आहे. मी बाहेर बाकड्यावर होतो, दार उघडंच होतं. मुलगी म्हणाली, "तो खरा नाही, मॅडम." बाईंनी आणखी थोडं वाचलं. मग नर्सला आत बोलावून सांगितलं की पुढच्या छपाईला प्रश्न बदलायचा, आणि केंद्राच्या बायांना तो मोठ्याने वाचून दाखवायला शिकवायचं.