रिकाम्या इमारतीची भवानी

आमच्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीतले सगळे फ्लॅट विकले गेले, तशी भाजीवाल्या मंदामावशींनी चौकातली हातगाडी हलवून थेट तिच्या फाटकासमोर लावली. त्यांच्या धंद्यात सकाळी विकलेली मेथी संध्याकाळी कुणाच्या तरी ताटात असते. घरं विकली गेली म्हणजे आता माणसं येणार, स्वयंपाक होणार, असं त्यांनी धरलं.

आज फिरून येताना मी गाडीपाशी थांबले. वर एकाही बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल नव्हता.

"ताई, ही माणसं राहायला कधी येणार हो?"

"राहायला नाही घेतलेली घरं, मावशी. भाव वाढेपर्यंत ठेवलीयत."

"घर काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?"

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. मावशींच्या हातातला पैसा दुपारपर्यंत चहावाल्याकडे, पिठाच्या गिरणीत पोचलेला असतो. त्यावर हा रस्ता चालतो. वर मात्र केवढा तरी पैसा कुलपाआड निजलाय, आणि निजल्या निजल्या वाढतोही आहे. खाली मेथी सुकतेय.

तेवढ्यात इमारतीचा वॉचमन आला. "मावशी, एक लिंबू आणि सात मिरच्या द्या. आज शनिवार, फाटकाला बांधायच्यात."

सकाळपासूनची ती पहिली विक्री. मावशींनी नाणं कपाळाला लावलं. एवढ्या मोठ्या इमारतीने रस्त्याकडून घेतलं ते एवढंच, आणि तेही आमचीच दृष्ट लागू नये म्हणून.