सामाईक भिंत

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी मी शाळेची भिंत वाकडी ठरवली.

मुळशीतल्या रिहे गावच्या शाळेतली एक खोली आम्हाला सुट्टीपुरती मिळाली होती. समोर खोऱ्यातले गवंडी मांड्या घालून बसलेले. मी बांधकाम कंपनीत सुपरवायझर म्हणून बरीच वर्षं काढली होती. पुढे कंपनी मला कंटाळली, मी कंपनीला कंटाळलो, आणि गावोगावच्या गवंड्यांना शिकवायचं काम एका संस्थेत मिळालं म्हणून मी तिथे उभा होतो. सुरुवात ओळंब्यापासून करायची असं ठरवलेलं. दोरीला टांगलेलं ते वजन सगळ्यांनी जन्मभर वापरलेलं, पण माझ्या कागदावर पहिला धडा तोच होता. मी भिंतीला खेटून उभा राहिलो, वरून दोरी सोडली, वजन खाली भिंतीला चिकटलं आणि मी ठणकावून सांगितलं, "बघा. खाली भिंत फुगलीय."

मग मागून एक जण म्हणाला, "साहेब, फुगलंय खरं. पण ती भिंत न्हाई."

माझं पोट दोरीला लागत होतं. मी एक पाऊल मागे सरलो, तसं वजन शहाण्यासारखं जागेवर आलं. खोली इतकी हसली की बाहेर व्हरांड्यात झोपलेलं कुत्रं उठून गेलं. संध्याकाळी भूगावला घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी एका दिवसात सांगितलं. मी किती वर्षं सांगतेय."

त्या हसण्यामुळे एक झालं, माणसं दुसऱ्या दिवशी परत आली. हसणाऱ्यांत जो सगळ्यात उशिरा हसला आणि सगळ्यात उशिरा थांबला, तो पुढे गटाचा पुढारी झाला. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे. माझ्याच वयाचा, काटक. त्या खोऱ्यातल्या निम्म्या फार्महाऊसांच्या भिंती त्याच्या हाताखालून गेलेल्या, पण सगळ्या रोजावर, कुणा ना कुणा ठेकेदाराच्या नावाखाली. त्याचं स्वतःचं घर मात्र आज्ज्याच्या काळातलं, दगडमातीचं, वर पत्रा.

आमचा बेत साधा होता. गवंड्यांनी गट करायचा, मजबूत घर कसं बांधतात ते शिकायचं, म्हणजे कोपऱ्यात सळया, खिडकीच्या डोक्यावरून सगळ्या घराला काँक्रीटचा पट्टा, विटा भिजवून घेणं, बांधकामावर नेमाने पाणी मारणं. मग ठेकेदाराला मधून काढून थेट काम घ्यायचं. फार्महाऊस बांधायला निघालेला एक शेतवाला काम द्यायला तयारही झाला, पण म्हणाला, "तुमच्या गटानं बांधलेलं एक घर आधी दाखवा."

दाखवायला घर कुठलं? मिस्त्री म्हणाला, "माजं बांदू." सामान त्याचं, मजुरी सगळ्यांची फुकट, शिकवणं माझं. माझं शिकवणं फुकट नव्हतं, मला पगार होता, पण ते त्या वेळी कुणी बोललं नाही. घराची माणसं गोठ्यात राहायला गेली, बैल मेव्हण्याकडे गेले, आणि जुनं घर आम्ही दोन दिवसांत उतरवलं. उतरवताना काय उत्साह असतो माणसाला! मीसुद्धा घमेली उचलली. नंतर आठवडाभर कंबर धरून चाललो.

फक्त एक भिंत विचारून उतरवायची होती. मिस्त्रीचं घर आणि त्याच्या चुलतभावाचं घर यांच्या मध्ये एकच भिंत. दोघांचे वासे तिच्यावरच टेकलेले. अशी सामाईक भिंत एकट्याची नसते, तिला हात लावायचा तर दोघांनी मिळून नारळ फोडायचा असतो. चुलतभाऊ खुशीने आला, आपल्या बाजूच्या पत्र्याला त्याने बांबूचे टेकू दिले, नारळ फोडला, आम्हाला खोबरं वाटलं. "बांद बाबा," मिस्त्रीला म्हणाला, "माजीबी एक भिंत फुकटात नवी व्हईल."

त्या दिवशी मिस्त्रीच्या बायकोने माझ्या हाती स्टीलचा एक मोठा डबा दिला. आत घरचा इंद्रायणी तांदूळ. "वहिनींना द्या. आन् डबा आत्ता नगं. वास्तुशांतीला दोगंबी या, तवा आणा."

पाया जुन्या जागेवरच भरला, चुलतभावाच्या डोळ्यांदेखत. भिंत चढू लागली. मिस्त्री दर थराला ओळंबा लावायचा आणि माझ्याकडे बघून आपलं पोट आत ओढायचा. एक सांगतो, तशी भिंत मी कंपनीत बांधलेली पाहिली नव्हती. खिडकीच्या डोक्याला पोचलो, दुसऱ्या दिवशी पट्टा ओतायचा होता, सळया बांधून तयार होत्या. तेव्हा पलीकडून चुलतभावाने हाक मारली.

आम्ही त्याच्या खोलीत गेलो. तो नव्या भिंतीवर तळहात ठेवून उभा होता. "ही खाली माजीच हाय," तो म्हणाला, "पन वर तुजी झालीया."

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच पंचाईत होती. जुनी मातीची भिंत पावसाळ्यांमागून पावसाळे खात मिस्त्रीच्या बाजूला कलली होती. त्यामुळे चुलतभावाची खोली वर जरा ऐसपैस झालेली. नवी भिंत त्याच पायावरून सरळ चढली, आणि वर चार बोटं त्याच्या खोलीत आली.

"आरं, ती कलली व्हती," मिस्त्री म्हणाला. "पडायला झालती."

"आज्ज्यानं बांदली ती. आज्जा काय येडा व्हता?"

"आज्ज्यानं सरळच बांदली आसंल."

"तू व्हतास का तवा?"

मी मध्ये पडलो. माझ्यासारख्या माणसाने अशा वेळी मध्ये पडू नये, पण पगार घेतो म्हटल्यावर पडावं लागतं. मी ओळंबा मागवला, पोट सांभाळून दोरी सोडली आणि चुलतभावाला समजावलं, की काका, ही दोरी खोटं बोलत नाही. तो शांतपणे म्हणाला, "दोरी तुमची, वजन तुमचं, मिस्त्री तुमचा. आमचं काय हाय हितं?"

त्याने नुकतंच ओढ्याकडचं रान एका फार्महाऊसवाल्याला विकलं होतं. तेव्हा टेप लावून इंच-इंच मोजलेलं त्याने पाहिलं होतं. नाही तर चार बोटं त्या गावात कुणाला दिसली असती? आणि त्याच्या जागी मी असतो तर? आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्यावरून मी शेजाऱ्याशी अजून बोलत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं सळयांच्या ढिगावर बसलो. मिस्त्री म्हणाला, "साहेब, वाकडीच बांदू का? खिडकीपसनं वर त्याच्या मनासारकी कलती घेतो. येती मला." कलत्या भिंतीवर पट्टा कसा ओतायचा, आणि असं घर त्या शेतवाल्याला नमुना म्हणून कसं दाखवायचं? तोच म्हणाला, "न्हाई बसायचं ते." आणि उठला.

सकाळी पट्टा ओतायला निम्मीच माणसं आली. आमचा गट म्हणजे गवंडी कमी आणि पाहुणे जास्त, हे मला तोवर कळलंच नव्हतं. एकाची बहीण चुलतभावाच्या घरात दिलेली, एकाची आत्या, एकाची तिथे होणारी सोयरीक. ज्याची बहीण दिलेली तो आला, पण थापी आणि घमेलं न्यायला. माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, भिंत बरोबर हाय तुमची. पन बहीण तितं दिलीया."

मग उरलेलेही पांगले. सरपंच येऊन गेले, मोजणी आणा म्हणाले. मोजणीवाले आलेच नाहीत, आणि आले असते तरी त्यांनी जमीनच मोजली असती, जमीन तर दोघांनाही मान्य होती. भांडण खिडकीच्या वरच्या हवेचं होतं. पाऊस जवळ आला तसं आम्ही भिंतीच्या डोक्यावर प्लास्टिक बांधलं. मुळशीच्या वाऱ्याने ते पहिल्याच आठवड्यात नेलं. चुलतभावाच्या पत्र्याचे टेकू तसेच राहिले, मिस्त्रीची माणसं गोठ्यात तशीच राहिली. शेतवाल्याने ठेकेदाराला काम दिलं. संस्थेने मला दुसऱ्या खोऱ्यात पाठवलं, तिथेही पहिला धडा ओळंब्याचाच आहे. मी आता भिंतीपासून लांब उभा राहतो.

परवा जांबे गावी काही कामाने गेलो होतो. आयटीतल्या पोरांना भाड्याने द्यायच्या खोल्यांची एक लांबच लांब रांग चढत होती. बांबूच्या परांचीवर मिस्त्री. मी खालून हाक मारली, तो उतरून आला, हात पुसून बिडी पेटवली. घराचं विचारलं.

"सळया गंजल्या," तो म्हणाला. "आता तितनं वर चढवायचं म्हंजी खालचं पाडायला लागंल. आन् पाडायची तर तीबी भिंत आली. तिला पुन्ना दोघांचा नारळ लागतो."

"बोलत नाही अजून?"

"बोलतो की. पावण्यांच्या लग्नात जेवाया शेजारीच बसलावता. भिंतीचं तेवडं न्हाई बोलत कुनी."

मी वर पाहिलं. पट्टा नव्हता, कोपऱ्यात सळया नव्हत्या. विटा कोरड्याच लावत होते. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "ठेकेदार म्हनतो, दोन वर्सांनी पाडून मोठी बिल्डिंगच घ्यायचीय. मग कशाला?"

"आणि ओळंबा?"

"घरी हाय. गोठ्यात खुंटीला." वरून कुणीतरी हिंदीत मसाला, म्हणजे सिमेंटचा माल, मागत ओरडलं, तसा तो बिडी विझवून परांचीवर चढला. जाताना वळून त्याने पोट आत ओढून दाखवलं. मला हसायला हवं होतं. मी हात केला.

घरी येऊन सगळं बायकोला सांगितलं, माझ्या सवयीप्रमाणे थोडं रंगवून, हसवायचा प्रयत्न करत. ती हसली नाही. मधेच उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्यावरच्या फळीवर मिस्त्रीच्या बायकोचा तो डबा, वास्तुशांतीला न्यायचा म्हणून घासूनपुसून ठेवलेला होता. तिने तो खाली घेतला, झाकण उघडून आत पाहिलं.

"ह्यात आता मी तूरडाळ भरते," ती म्हणाली. "रिकामा सारखा समोर दिसायला नको."