घासलेला गुलाबी हिरा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. माझ्या नवऱ्याजवळही नाही — आणि त्यांच्याजवळ तर बोलायलाच हवे होते. त्यांना जाऊन आता वर्ष होत आले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगणे जमते आहे.

ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनियर होते, मी नागपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका दलालाकडून गुलाबी हिरा घेतला. दागिन्यासाठी नव्हे, गुंतवणूक म्हणून. खडा सुटाच होता, पारदर्शक डबीत. सोबत चकचकीत प्रमाणपत्र. मी त्या विषयावरची पुस्तके आणली आणि दुपारी त्यांना वाचून दाखवू लागले. पांढऱ्या हिऱ्यात रंगाची छटा जितकी कमी तितका तो मोलाचा. गुलाबी हिऱ्याचे उलटे — रंग जितका गडद आणि शुद्ध तितकी प्रत वरची; त्यात तपकिरी झाक आली की प्रत उतरते. असे हिरे मुळात फार थोडे. ऑस्ट्रेलियातल्या ज्या खाणीतून ते सर्वाधिक निघत, तीही बंद झालेली. हा रंग कुठल्या परक्या द्रव्याने येत नाही. जमिनीखालच्या दाबाने स्फटिकाची घडणच आतून वाकते, म्हणून येतो. म्हणजे तो हिऱ्याच्या अंगातच असतो. हे वाक्य त्यांना फार आवडे. येईल त्याला ते ऐकवीत.

धनत्रयोदशीला आमच्याकडे पूजेआधी घरातले सोनेनाणे धुऊन घेतात. डबीला हात लावायचा नाही, असे त्यांनी मला बजावले होते. पण लक्ष्मीपुढे बाकी सगळे लखलखीत ठेवायचे आणि हाच तेवढा तसाच? त्या दुपारी ते बाहेर गेले होते. मी खडा लिंबाच्या पाण्यात उकळला आणि तांब्याच्या भांड्यांच्या पावडरने चांगला घासला.

एका कडेचा रंग गेला. नखाएवढाही नाही — पण तिथे खडा पांढरा दिसू लागला.

आधी वाटले, मी त्यांचा हिरा नासवला. मग, टॉवेलने हात पुसता पुसता, लक्षात आले. अंगातला रंग घासून जातो का? हा वरून चढवलेला होता. दलालाने फसवले होते. मला ते कळले, त्याच क्षणी आणि पूर्णपणे. तरी मी ती कड खाली करून खडा डबीत ठेवला. का? त्यांना फसवणूक सांगायची तर आधी डबी उघडल्याचे सांगावे लागले असते. एवढेच. याहून मोठे कारण मी पुष्कळ शोधले, सापडले नाही. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. त्यांना काही दिसले नाही.

दिवाळीनंतर सुधाकर आला. उमरेडचा, विणकराच्या घरातला. केंद्रात यांच्या हाताखाली होता आणि यांना भाऊ म्हणे. आईचे सोने मोडून तोही त्याच दलालाकडून हिरा घेणार होता.

"वहिनी, भाऊ तं 'घे' म्हणूनच राहिले. पण तुम्ही पुस्तकंवाल्या. तुम्ही सांगा, घेऊ का?"

"तिले काय विचारतं गा!" हे हसले. "मले तिनंच तं शिकवलं सारं."

दोघे माझ्याकडे बघत होते. मी म्हटले, "चहा गार होऊन राहिला, घ्या."

सुधाकरने हिरा घेतला. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी तो विकायची वेळ आली, तेव्हा तपासणीत खरे काय ते निघाले. मग यांचाही तपासला. दलाल तोवर गाव सोडून गेला होता. यांनी सुधाकरपुढे हात जोडले, माझ्यादेखत. त्याची बायको उंबऱ्याशीच उभी राहिली, आत आली नाही. मी दाराच्या पडद्याला धरून उभी होते — तेव्हा तरी बोलता आले असते, नाही का?

त्यानंतर यांनी सकाळचे फिरणे सोडले. कुणाला काही सुचवायचेही सोडले. साधा डॉक्टर कोणता बरा, हेसुद्धा सांगत नसत. मला मात्र विचारत — "माझं चुकलं कुठं वं?" आणि मी त्यांची समजूत घालत असे. मी म्हणे, रंग ओळखायला जाणकार लागतो, तुम्हाला कसे कळणार? हे मी वर्षानुवर्षे म्हटले, इतक्या मायेने, की ते माझा हात हातात घेत.

यांच्या तेराव्याला सुधाकर आला. चार लोकांत बोलला, "भाऊ सरळ माणूस होते. त्यायले फसवलं." जेवला. निघताना माझ्या पाया पडायला वाकला.

मी पाय मागे घेतले नाहीत.