डोळे उघडे ठेवून केलेलं ध्यान

आमच्या कॉलेजचा ऑनलाइन ध्यानवर्ग एकही दिवस न चुकवता आणि पूर्णवेळ डोळे उघडे ठेवून पार पाडणारी व्यक्ती जगात एकच असेल, आणि ती आमच्या कॉलेजात शिकतही नव्हती. ती माझ्या मैत्रिणीची आई. मी त्यांना काकू म्हणते. सुरुवातीला एकदा आंटी म्हणाले होते, तेव्हा त्यांनी "आंटी कसलं? मी काय विमानातून उतरलेय?" असं विचारलं आणि तो विषय कायमचा मिटवला.

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. मुलांच्या मनावर फार ताण येतो म्हणून कॉलेजनं आध्यात्मिक कार्यक्रम सुरू केला होता. रोज सकाळी आपापल्या खोलीत मोबाइल किंवा लॅपटॉप समोर ठेवून बसायचं, कॅमेरा चालू, माइक बंद, डोळे मिटलेले. पांढऱ्या कुर्त्यातले एक सर मागे बासरी लावून सावकाश सूचना द्यायचे. हजेरीला गुण होते, त्यामुळे सगळा वर्ग मनःशांतीला अगदी वेळेवर यायचा. मी सदाशिव पेठेत एका खोलीत कॉटबेसिसवर राहत होते, दुसरी कॉट रिकामीच होती. मैत्रिणीचं घर कसबा पेठेत, तिच्या पणजोबांपासूनचं. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि त्याच टेबलावर, कॅमेऱ्यात न दिसता, पहाटेची नमाज आटोपलेल्या काकू मेथी निवडत बसायच्या. पडद्यावर चौकोनाचौकोनांत आम्ही सगळे डोळे मिटून, आणि समोर काकू. त्यांचं म्हणणं असं, की एवढी तरुण मुलं एकाच वेळी गप्प बसलेली आयुष्यात परत बघायला मिळायची नाहीत.

नुसतं बघून त्या थांबत नसत. नावं बारीक अक्षरात असल्यामुळे त्यांनी आम्हाला आपल्या मनानं नावं दिली होती. कुणी देवघरवाली, कुणी लाल पडदा. माझ्या मागे निळी भिंत होती, म्हणून मी निळी भिंत. एका मुलाच्या डोक्यावरचा पंखा डुगडुगतोय हे त्यांनीच पाहिलं. तो बिचारा डोळे मिटून विश्वाशी एकरूप होत होता आणि काकू इकडे लेकीला ढोसत होत्या, "अगं, त्याला सांग, विश्व राहू दे, आधी पंखा बघ!" खरोखरच पंखा सैल निघाला. हॉस्टेलवरच्या एका मुलाचे गाल बसलेत असं त्यांचं मत झालं, तेव्हा मैत्रिणीला स्कूटरवरून डबा घेऊन जावं लागलं. त्या मुलाचे गाल जन्मापासूनच तसे होते, पण त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. पुढे बरेच दिवस डबा चालू राहिला.

सरांच्या सूचनांना त्या म्यूटच्या अलीकडून उत्तरंही द्यायच्या. सर म्हणायचे, "कल्पना करा, तुम्ही एका उंच डोंगरावर आहात, एकटेच." काकू म्हणायच्या, "एकटे कशाला? सोबत न्या की कुणाला तरी. पाय घसरला म्हणजे?" पण कार्यक्रमाबद्दल त्यांच्या मनात आदरही होता. शेजारी तांब्याची भांडी घडवणारे एक काका सकाळी सकाळी ठोकाठोकी सुरू करायचे. काकूंनी जाऊन त्यांना बजावलं, "मुलं ध्यानाला बसलीत, थोडा वेळ हातोडा ठेवा."

काकांनी उठून काकूंच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं. "कुठं आहेत मुलं?"

"आपापल्या घरी!"

काका बराच वेळ काकूंकडे बघत राहिले, पण हातोडा त्यांनी ठेवला.

हे सगळं मला मैत्रिणीनं नंतर सांगितलं. तेव्हा काकूंना मी पाहिलंही नव्हतं आणि माझं मन हसण्यासारखं नव्हतं. मी बीडकडची, मराठी शाळेत शिकलेली. घराण्यात कॉलेजपर्यंत पोचलेली पहिलीच. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. गावात त्यांनी मी पुण्याला शिकते हे इतक्या जणांना सांगितलं होतं, की त्यातल्या काहींनी मला पाहिलेलंही नव्हतं. आणि निकालात माझे दोन विषय राहिले. रात्री झोप येईना. पुस्तक उघडलं की हात गार पडायचे. वर्गात प्रश्न विचारतील या भीतीनं मी शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागले. हळूहळू मी मनाशी ठरवलं की हे आपलं काम नव्हे, शनिवारच्या एसटीनं गावी जायचं आणि परत यायचं नाही. कुणाला सांगितलं नाही. रोज थोडं थोडं सामान बांधत गेले. ध्यानाला मात्र बसत होते. आमच्या शाळेनं एक गोष्ट पक्की शिकवली होती, शाळा सोडायची असली तरी हजेरी चुकवायची नाही.

शुक्रवारी सरांनी "आता विचारांना जाऊ द्या" म्हटलं, आणि बासरीच्या वर एक खणखणीत आवाज आला.

"ए निळी भिंत! कुठं निघालीस गं?"

सगळ्यांचे डोळे उघडले. मैत्रिणीच्या चौकोनात एक अनोळखी बाई हातात मेथीची जुडी घेऊन कॅमेऱ्यावर वाकल्या होत्या आणि मागून मैत्रीण "अम्मी, माइक चालू आहे!" म्हणत त्यांचा पदर ओढत होती.

"ताई, कृपया शांतता राखा," सर म्हणाले.

"अहो, तुम्ही डोळे मिटलेत, मला दिसतंय ना! आठवडाभर या पोरीच्या भिंतीवरून एकेक वस्तू उतरतेय. आधी ओढण्या गेल्या, मग आरसा गेला. आज कॅलेंडरपण काढलं. महिना संपायचाय अजून!"

मी फोन पालथा घातला आणि रडले. थोड्या वेळानं खाली मैत्रिणीच्या स्कूटरचा हॉर्न वाजला आणि काकू जिना चढून, धापा टाकत, आत आल्या. चारी बाजूंना बघून म्हणाल्या, "कॅमेऱ्यात खोली मोठी वाटत होती." मग कॉटवर बसल्या. "हं. बोल."

"दोन विषय राहिले."

"आणि?"

"झोप लागत नाही."

"घरी सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी उपदेश केला नाही. माझा फोन उचलून हातात दिला आणि म्हणाल्या, "लाव. मी ऐकत नाही, खिडकीत उभी राहते." खिडकीत उभ्या राहून त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला.

वडिलांना मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ऐकून त्यांनी विचारलं, "इषय होते किती?"

"सहा."

"मंग चार तं निघाले की! म्या तं दहावीच्या परीक्षेलाच बसलो न्हाई. घरी ये, चार दिस ऱ्हा, मायच्या हातचं खा, अन् जा परत. यवढ्यासाठी रडतीस व्हय?"

छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलावं तसं मला झालं. खिडकीकडे पाहिलं तर काकू माझ्याकडे पाठ करून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होत्या आणि नाक पुसत होत्या.

सरांचाही दुपारी फोन आला. त्यांनी रागावण्याऐवजी कॉलेजच्या समुपदेशक मॅडमची वेळ घेऊन दिली. त्या मॅडमकडे मी बरेच महिने गेले, आणि हात गार पडले की सरांनी शिकवलेला सावकाश श्वास मला अजूनही उपयोगी पडतो. त्या कार्यक्रमाची मी ऋणी आहे. फक्त त्यात एक माणूस डोळे उघडे असलेला हवा होता, तो मला फुकट मिळाला.

राहिलेले विषय सुटले, पदवी मिळाली, इथेच नोकरीही लागली. गेल्या महिन्यात आई-वडील पहिल्यांदा पुण्याला आले, तेव्हा काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं. वडील हात जोडून म्हणाले, "लई उपकार झाले तुमचे." काकू म्हणाल्या, "उपकार कसले? कॉलेजनं रोज सकाळी ही माझ्यासमोर आणून बसवली, मी करणार काय! वाढू का अजून?" माझी आई लाजरी, ती सगळं जेवण खाली मान घालून जेवली.

परतताना रिक्षात मात्र तिनं हळूच विचारलं, "त्या बाईला कसं गं कळलं? मला तं फोनवर तू बरी हाय म्हनायचीस."

"त्या रोज बघायच्या, आई."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. आईनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि सिग्नल सुटला तरी ती बघतच होती.